यादीतलं तिसरं नाव

बाबा रिटायर झाले ते एका सरकारी महामंडळातून, वरिष्ठ लिपिक म्हणून. तिथल्या पेन्शनचा निधी सांभाळायला एक विश्वस्त मंडळ होतं. बाकी सगळ्या खुर्च्या साहेबांच्या, पेन्शनरांची एकच. ती भरायची पद्धत अशी: पेन्शनरांच्या संघटनेने तीन नावं पाठवायची, खात्याने त्यातलं एक निवडायचं. आता खातं कुठे डोकं चालवतंय! पहिलं नाव उचलायचे आणि मोकळे व्हायचे. म्हणून हवा तो माणूस एक नंबरला, खालची दोन नावं नुसती भरतीची.

बाबांना ती खुर्ची मनापासून हवी होती. नवरा गेलेल्या बायकांची पेन्शनं एखाद्या फुटकळ कागदावाचून अडकायची, आणि त्या बायका आमच्या कांदिवलीच्या घरी येऊन बसायच्या. बाबा त्यांना अर्ज लिहून द्यायचे आणि नंतर मला म्हणायचे, "एकदा त्या टेबलाशी बसायला मिळू दे गं. तो नियम बदलूनच उठेन."

संघटनेच्या सभेत एकमताने त्यांचंच नाव ठरलं. आणि यादी लिहायचं काम? तेही त्यांनाच! अक्षर चांगलं ना. झालं, वाट लागली. या माणसाने स्वतःला टाकलं तिसऱ्या नंबरवर. सगळ्यात वर मुलुंडचे एक काका, का तर वयाने मोठे.

मी ओरडलेच. "बाबा, वेड लागलंय का? पहिलंच उचलतात ते!"

"अगं, कोणाला पाठवायचंय ते सगळ्यांना माहितीये."

"तुमच्या संघटनेला माहितीये. खात्याला कोण सांगणार?"

"आपलंच नाव आपण वर लिहायचं? बरं दिसतं का ते?"

मला ऑफिसला उशीर होत होता. कपाळाला हात लावला, पाकीट उचललं आणि जाता जाता स्पीड पोस्ट केलं. दुसरा कागद लिहायला दहा मिनिटं लागली असती.

नेमणूक मुलुंडच्या काकांची झाली. देवमाणूस, पण यातलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांना. दर मीटिंगच्या आधी ते आमच्याकडे यायचे. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि त्यांना एकेक मुद्दा पढवायचे. मीटिंग झाली की काकांचा फोन, "अहो, बोलायचं राहूनच गेलं बघा. नाश्ता मात्र झकास होता!" बाबा हसून "पुढच्या वेळी" म्हणायचे. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

तीन वर्षांनी मुदत संपली, काकांनी स्वतःच हात जोडले. या वेळी यादी मी लिहिली, बाबांचं नाव सगळ्यात वर. त्यांनी कागद दोनदा वाचला. "जरा जास्तच ठळक लिहिलंयस," एवढंच म्हणाले, पण खोडलं नाही. मग रोज दुपारी पोस्टमनची वाट. "सरकारी काम आहे, वेळ लागतो," असं आम्हालाच समजावायचे. पावसाळा सरला तरी पत्र नाही. मग त्यांना अटॅक आला आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं.

पत्र आलं ते तेरावं झाल्यानंतरच्या सोमवारी. आपली निवड झाली आहे, संमती पंधरा दिवसांत कळवावी. मी खात्याला शिव्या घातल्या, मग स्वतःला. एकदा, फक्त एकाच मीटिंगला त्यांना जाऊन यायला मिळायला हवं होतं. घरी येऊन चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागले असते. ते ऐकायला अजून जीव तुटतो माझा.

संध्याकाळी उत्तर लिहायला बसले. ते आता हयात नाहीत, एवढंच तर कळवायचं होतं. आई शेजारी येऊन बसली. काय लिहिलंय ते मी तिला वाचून दाखवलं.

"तेच्या आधी एक ओळ घाल गो," ती म्हणाली. "हेंची तयारी होती म्हणान."