मामाजींचे थेंब आणि माझे मासे

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. लहानपणी मी बैलाला भ्यायची, लग्नानंतर गॅसच्या शेगडीला, आणि आता चाळिशीत तीनशे माशांना. ते मरतील म्हणून.

नवरा वणीला कोळशाच्या ट्रकवर असतो. पंधरा दिवसांतून एकदा घरी येतो. त्यानेच मोबाईलवर कुठेतरी पाहिलं, की एकाच पाण्यावर मासेही वाढतात आणि भाजीही, माती लागत नाही. मला चार दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं आणि स्वतः सुट्टी काढून पाइप कापायला बसला. बोरी अरबपासून थोडं आत आमचं गाव. वस्तीच्या टोकाला, विहाराच्या मागे, आमची मोकळी जागा होती. तिथे हिरव्या जाळीचं शेड उभं केलं. पाच हजार लिटरची ताडपत्रीची गोल टाकी, बाजूला कमरेएवढ्या उंचीवर गिट्टीने भरलेले चार वाफे आणि एक पंप. पंप टाकीतलं पाणी वाफ्यांत चढवतो, वाफ्यांतून ते आपोआप टाकीत परत पडतं.

गिट्टी घ्यायला मी शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली घेऊन गेले होते. चुन्याचा दगड असेल तर शिरक्याने फेस येतो आणि असला दगड पाणी बिघडवतो, असं शिकवलं होतं. मी प्रत्येक ढिगावर शिरका शिंपडत होते आणि गिट्टीवाला कमरेवर हात ठेवून बघत होता. "बाई, गिट्टी खायची हाय का तुमाले?" त्याने विचारलं. मी फेस न आलेली काळी गिट्टी निवडली आणि घरी येऊन पुन्हा एकदा शिरका टाकला.

खरी भीती मासे सोडल्यावर सुरू झाली. माशांची घाण पाण्यात मिसळली की तिचा अमोनिया होतो, तो विषच. गिट्टीवर डोळ्याला न दिसणारे जिवाणू धरतात, ते त्या विषाचं खत करतात, ते खत झाडं पितात, आणि पाणी स्वच्छ होऊन माशांकडे जातं. ऐकायला सोपं आहे. पण हे जिवाणू धरायला महिना-दीड महिना लागतो आणि तोपर्यंत मासे आपल्याच घाणीत पोहत असतात. मी रोज सकाळी चहाच्या आधी काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायची, औषधाचे थेंब टाकायची आणि पाच मिनिटं श्वास धरून बघायची. पिवळं राहिलं तर ठीक. हिरवं झालं तर अमोनिया वाढला. कितीतरी सकाळी ते हिरवं झालं, आणि मी निम्मं पाणी काढून बोअरचं नवीन पाणी भरलं. लाइट गेली की मी जेवणाचं ताट सोडून पळायची, बॅटरीवरचा हवेचा पंप चालू झाला की नाही ते बघायला. नवरा फोनवर म्हणायचा, "तू मासे पाळून राह्यली का मासे तुले?" त्याला हसायला काय जातं, तो वणीला होता.

घरात मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. मामाजी तीसेक वर्षं ग्रामपंचायतीचे पाणीवाले होते. गावच्या विहिरीत आणि नंतर पाण्याच्या टाकीत पावडर टाकणं, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हे त्यांचं काम. माप ठरलेलं. पावडर आधी बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी तेवढं ओतायचं. मग नळाचं पाणी बाटलीत घेऊन त्यात थेंब टाकायचे. पिवळं झालं तर औषध पोचलं, पाणी प्यायला चांगलं. ती थेंबांची बाटली निवृत्त झाल्यावरही त्यांच्या बंडीच्या खिशात असे. कुणाच्या लग्नात जेवायला गेले तरी आधी तिथल्या पाण्यात दोन थेंब टाकून बघत. मला लाज वाटायची.

त्या विहिरीचं त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. ते लहान असताना आमच्या लोकांना त्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. ते आणि त्यांचे वडील काठापासून दूर उकिडवे बसत, ओंजळ पुढे धरत, आणि कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओते. कधीकधी तासभर बसावं लागे. पुढे त्याच विहिरीचं पाणी गावाला पिण्याजोगं आहे की नाही, हे ठरवायचं काम मामाजींच्या हातात आलं. "मी पावडर टाकल्याबिगर गावात कोणी घोटभर पानी नाही पेलं," ते म्हणाले होते, आणि मग दुसरंच काही बोलू लागले.

माझ्या टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन त्यातही त्यांनी थेंब टाकले. पाण्याला रंग आला नाही. "ह्या पान्यात औषध नाही, पोरी," ते म्हणाले.

"ह्यात औषध टाकलं तर मासे मरतीन, मामाजी. गिट्टीतले जिवाणूबी मरतीन."

"पन हे भाजी लोकं खातीन नं. मासोयीच्या घानीवरची." जरा थांबून ते म्हणाले, "एका साली पावडर आली नोयती. चार दिवस. वस्तीतले दोन लेकरं गेले हगवणीनं."

मी म्हटलं, पाणी मुळांना लागतं, पानांना नाही. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं. तेव्हा मला स्वतःच्याच भीतीची एवढी काळजी होती, की समोरच्या माणसालाही भीती वाटत असेल हे मनातसुद्धा आलं नाही.

संक्रांतीच्या आसपास पहिला पालक काढायला आला. पानं तळहाताहून मोठी, काळसर हिरवी. दारव्ह्याच्या एका खानावळीने घ्यायचं कबूल केलं होतं. आदल्या दिवशी अंगणवाडीच्या ताई येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, लेकरांच्या खिचडीत टाकायला चार जुड्या द्या. मला आनंद झाला. मामाजी तिथेच बसून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच मी विळा घेऊन शेडकडे गेले, आणि जाळीबाहेरच थबकले. वास आला. गावच्या नळाला पाणी येतं तेव्हा येतो तोच वास. आत तीनशेच्या तीनशे मासे वर येऊन तोंड उघडत-मिटत होते. काही कडेला आडवे तरंगत होते. मामाजी बादली घेऊन उभे होते, बाह्या वर केलेल्या, हात कोपरापर्यंत ओले.

"दोनच चमचे टाकले," ते म्हणाले. "मापानं. निवळ काढून टाकलं. मानसाच्या पान्यात टाकतो तेवढंच. मानसं नाही मरत, मंग मासोया कायले मरतीन? लेकरं खानार हायेत आज."

त्यांनी एका आडव्या माशाला सरळ करायला हात पाण्यात घातला. आणि मी ओरडले. गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"या पान्याले हात लावू नका तुमी. व्हा बाहेर. दूर व्हा."

त्यांनी हात काढला. हाताचं पाणी झटकलं तेही टाकीत पडणार नाही अशा बेताने, आणि ते जाळीबाहेर जाऊन उभे राहिले. मला तेव्हा काहीच कळलं नाही. माझ्या डोक्यात फक्त मासे होते.

मी आधी वाफ्यांकडे जाणारा पंप बंद केला, गिट्टीतले जिवाणू तरी वाचावेत म्हणून. हवेचा पंप चालू ठेवला, टाकीचं बूच काढलं, बोअर सुरू केला. घाईत पाइप दोनदा निसटला. तेवढ्यात बाहेरून मामाजींचा आवाज आला, शांत, कामावरच्यासारखा.

"बादलीनं आपट. वरून आपट. उंचावरून पानी पाडलं का औषध उडून जाते."

मी बादली भरून डोक्याएवढी उंच उचलून पाणी आपटू लागले. खांदे भरून आले. ते बाहेरून सांगत होते, या कडेनं, आता त्या कडेनं. मध्येच त्यांनी खिशातली थेंबांची बाटली काढली. माझ्या हातात दिली नाही. जाळीच्या दाराशी जमिनीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरले. मी ती उचलली, नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. त्यांनी जन्मभर जो रंग बघून समाधान मानलं, तो बघून मी पुन्हा बादली उचलली. तासाभराने रंग फिका झाला. दुपारी पाण्याला रंगच आला नाही. मी नळी वर धरून त्यांना दाखवली. त्यांनी मान हलवली आणि ते घराकडे गेले.

एकेचाळीस मासे मेले. बाकीचे खाली जाऊन फिरू लागले, तेव्हा मी पंप सुरू केला आणि वाफ्याच्या कडेला बसून रडले. अंगणवाडीच्या ताईंना उद्या या म्हणून निरोप दिला.

दिवस कलता मी घरी गेले. मामाजी ओसरीवर खाटेवर बसले होते. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं-प्यायलं नसावं. पाण्याचा माठ त्यांच्या हातभर अंतरावर होता, त्यावर पेला पालथा. पेला कोरडा होता.

"पानी दे थोडं, पोरी," ते म्हणाले.

"माठ तर बाजूलेच हाय, मामाजी."

त्यांनी माठाकडे हात नेला नाही. मी माठातून तांब्या भरला आणि पेल्यात ओतायला वाकले. तोवर ते खाटेवरून उतरून खाली उकिडवे बसले होते. दोन्ही हात जोडून त्यांनी ओंजळ केली होती आणि मान खाली घातली होती. टोमणा असता तर मी पाय धरले असते. तो टोमणा नव्हता. तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं. हात आपले आपण तसे झाले होते.

या पाण्याला हात लावू नका, हे माझेच सकाळचे शब्द मला आता ऐकू आले. ओतलं तर मी त्या विहिरीवरची ओतणारी होणार होते, आणि नाही ओतलं तर ते तहानलेले राहणार होते. इतकी भीती मला टाकीपाशीही वाटली नव्हती.

"वत ना, पोरी," ते खाली बघतच म्हणाले. "लय तहान लागली."