नऊ टाकी दे

"नऊ टाकी दे. ह्या लोके खुशच ऱ्हातस."

सर माझ्या आईच्या ओट्यावर, तिच्याच खाटेवर पाय पसरून मला म्हणाले. आई समोर जमिनीवर. तिला अजून प्रश्न विचारलाही नव्हता.

प्रश्न असा, की आयुष्यात तुम्ही किती समाधानी, शून्य ते दहा. कोणत्या समाजाची माणसं किती सुखी, याचं सर्वेक्षण. मी भिलाची पोर, भाषा येते म्हणून सरांनी मला टॅबवर उत्तरं भरायला घेतलेलं. आदल्या दिवशी शहाद्याला व्यापाऱ्यांच्या गल्लीत हेच सर म्हणत होते, "शेठ, तुम्ही सावकाश विचार करून सांगा." शेठनं चहा संपेपर्यंत विचार केला आणि चार सांगितले. चारच लिहिले.

आमच्या पाड्यावर सकाळपासून अकरा घरं झाली. सगळीकडे नऊ. आणि ते नऊ मीच टाकले, हे आधी कबूल करते. पहिलीच नोकरी. सरांनी नुसतं बघितलं की माझं बोट चालायचं. थू माझ्यावर!

विचारलं असतं तरी लोक 'बरंय' म्हणाले असते म्हणा. कागद घेऊन आलेल्याला आम्ही 'बरंय'च सांगतो. काकानं एकदा अशाच एकाला खरं सांगितलं होतं, जंगलातली शेती अजून नावावर नाही, झोप लागत नाही. पंधरा दिवसांत वनखात्यानं त्या शेतात चर खणून पेरणी बंद पाडली. तेव्हापासून अख्खा पाडा खुश आहे.

मी टॅबवर बोट ठेवलं. आईनं भिलीत हळूच विचारलं, "किती सांगू? तुझं काम जाणार नाही ना?"

कागदवाल्यांना घाबरतात तशी आई मला घाबरत होती. मला!

"सर, तुम्ही खाली गाडीपाशी थांबा."

"काय?"

"माणसाला एकट्याला विचारायचं, तुम्हीच शिकवलंत." आवाज फाटला.

सर उठले. "उद्यापासून येऊ नको."

ते गाडीपाशी पोचेपर्यंत आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग मी प्रश्न विचारला. तिनं दोन बोटं वर केली.

मी दोन टाकले आणि टॅब घेऊन पहिल्या घराकडे निघाले. अकरा घरं परत विचारायची होती. खालून सर हाका मारत होते. त्या आवाजानं अंग थरथरायचं, अजूनही थरथरतं. थरथरू दे. माझ्या माणसांचं सुख दुसऱ्यानं सांगायचं आणि मी लिहायचं, हे माझ्या हातून पुन्हा होणार नाही.