दिवाळसणाचा कप

साताऱ्याहून फोन आला तेव्हा मी सांगलीला बँकेत काउंटरवर होतो. मेव्हणा एवढंच म्हणाला, "दाजी, नाना गेलं..." फोन ठेवला आणि सगळ्यात आधी मला आठवला तो आमच्या टीव्हीवर ठेवलेला कप. सासरे गेल्याची बातमी ऐकून माणसाला कप आठवावा, याची तिथल्या तिथे लाज वाटली. महिना होऊन गेला, ती लाज अजून गेलेली नाही.

नाना फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. पेन्शनीत कुणी शेतात रमतं, कुणी देवळात. नाना बॅडमिंटनमध्ये रमले. पहाटे पांढरे कॅनव्हासचे बूट घालून क्लबवर हजर. त्या क्लबची दिवाळीत हौशी खेळाडूंची स्पर्धा असायची. क गटात नवशिके, ब गटात मधले, अ गटात मुरलेले. ब आणि क गटाचे सामने बाहेर सिमेंटवर, अ गटाचे मात्र आत, लाकडी कोर्टवर. ब गट जिंकणाऱ्यालाच पुढच्या वर्षी आत खेळायला मिळे. नाना दरवर्षी ब गटात फायनलपर्यंत जायचे आणि हरून यायचे. "मरायच्या आधी एकदा त्या लाकडावर पाय वाजवायचाय गड्या," असं भेटेल त्याला सांगायचे. घरात त्यावरून त्यांची थट्टाही चाले.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी दिवाळसणासाठी साताऱ्यात होतो. कॉलेजात थोडंफार खेळलेलो, म्हणून तोंड वर करून मीही ब गटात नाव दिलं. पहिल्या अंघोळीनंतर फराळाला बसलो तेव्हा नानांनी रीतीप्रमाणे विचारलं, "बोला जावईबापू, काय घालू तुमास्नी? अंगठी का घड्याळ?"

मी मोठेपणा मिरवत म्हणालो, "काही नको हो नाना. तुमच्या क्लबचा कप द्या, पुरे झालं!"

सगळे हसले. नानाही हसले, पण थोडे उशिरा. दिवाळसणाला जावयाने तोंडाने मागितलेलं आमच्याकडे रिकामं जाऊ देत नाहीत. हे मला माहीत नव्हतं थोडंच! पण जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही.

फायनलला समोरासमोर आम्हीच आलो. शेवटच्या गेममध्ये नाना चौदावर, मी नवावर. एक पॉइंट मिळाला की गेम संपला आणि लाकडी कोर्ट त्यांचं. खुर्च्यांवर माझे आईवडील बसले होते, सांगलीहून मुद्दाम आलेले. नानांनी सर्व्हिससाठी शटल धरलं, एकदा व्याह्यांकडे पाहिलं, आणि शटल जाळ्यात मारलं. त्यांची सर्व्हिस कधी जाळ्याला लागत नसे. मग एक फटका बाहेर गेला, आणखी एक बाहेर...

"सुभेदार, झोपलास काय रं?" त्यांचा एक जुना फौजी दोस्त कडेवरून ओरडला.

मी जिंकत गेलो. खरं सांगायचं तर मध्येच केव्हातरी माझ्या लक्षातही आलं. पण टाळ्या वाजत होत्या, बायको कौतुकानं बघत होती, आणि माझा हात काही थांबला नाही. नाना जाळ्यावरून हात पुढे करत म्हणाले, "लय झ्याक खेळलासा, जावईबापू." मी संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले. पेढे! आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

पुढच्या वर्षी लाकडी कोर्टवर पहिल्याच सामन्यात मी सपाटून हरलो. नाना कडेला बसून बघत होते. माझ्याकडे कमी, त्या चकचकीत लाकडाकडे जास्त. त्याच पावसाळ्यात त्यांचा गुडघा गेला होता आणि डॉक्टरांनी खेळणं बंद केलं होतं. त्यांना एकदा सरळ विचारावं, असं नंतर प्रत्येक दिवाळीला वाटायचं. नाही विचारलं. ते "व्हय" म्हणाले असते तर मी कुठे तोंड लपवणार होतो...

तेराव्याला मी तो कप पिशवीत घालून साताऱ्याला नेला. नानांच्या फोटोपुढे ठेवला. कोपऱ्यात त्यांचे कॅनव्हासचे बूट खडू लावून पांढरे केलेले होते, तसेच. सासूबाईंना म्हणालो, "आई, हा इथंच राहू द्या. त्यांचाच आहे हा."

त्यांनी कप उचलला. पदरानं निगुतीनं पुसला, आणि परत माझ्या पिशवीत ठेवला.

"आवं, दिवाळसणाचं हाय ते," त्या म्हणाल्या. "जावयाला दिल्यालं माघारी घेत न्हाईत."