ओळीवर न बसणारे ठिपके

महारुद्र मामा बीडच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेचे परिचर. चौसाळ्याहून रोज एसटीनं यायचे-जायचे, आणि बावीस वर्षांच्या त्या हेलपाट्यांनी माणूस पार पिचून गेला होता. हात मात्र अजून जराही थरथरत नसे. परीक्षेत आलेखावर एखाद्याचा ठिपका रेषेबाहेर गेला, की बाहेरून आलेले परीक्षक कपाळाला आठ्या घालायचे. म्हणून मामा आधीच हळूच मागून यायचे, ठिपका खोडायचे आणि रेषेवर आणून ठेवायचे. पोरं पास व्हायची. यात काही वावगं आहे, असं कॉलेजात कुणालाच कधी वाटलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली तिथल्याच उज्मा मॅडमनी पीएचडीसाठी एक कृष्णविवर धरलं. शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेणारं; आत पडता पडता तो वायू तापतो आणि क्ष-किरण फेकतो. उपग्रहानं दर सेकंदाला किती किरण मोजले, त्या आकड्यांचे छापील गठ्ठे मुंबईहून यायचे. उदारीकरणानं देशात म्हणे सगळं खुलं झालं होतं; कॉलेजातला एकुलता एक कॉम्प्युटर मात्र प्राचार्यांच्या केबिनमध्ये, प्लास्टिक पांघरून, कुलपात! मॅडमना दिवसभर तास, वर पेपर तपासायचे. त्यांनी गठ्ठे न उघडताच मामांच्या हवाली केले. मामांनी चार महिने, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले.

शेवटी मॅडमनी सगळे कागद टेबलावर पसरले आणि त्यांचं तोंड उतरलं.

"सोडून देते, मामा. सगळीकडं सपाट. पंधरा दिवसांत मुदत संपतीय, आणि दाखवायला काहीच न्हाई."

"सपाटच चांगलं न्हाई का, मॅडम?"

"न्हाई ना. ते सेकंदासेकंदाला उसळतं, पडतं, पुन्हा उसळतं. त्या उसळ्याच मोजायच्या होत्या. किती झटक्यानं बदलतं, त्यावरून ती जागा किती लहान हाय ते कळतं."

मामांनी टेबलावरचे आपलेच ठिपके पुन्हा एकदा पाहिले. खोटं बोलायचीही ताकद उरली नव्हती.

"उसळत हुतं, मॅडम. मीच खाली बसवलं. मला वाटलं, छापणाऱ्याची चूक हाय."

"कावून, मामा? असं का केलं तुमी?" मॅडमचा आवाज फाटला.

"बावीस वर्षं सरळ रेषेलाच मार्क मिळाले, मॅडम. वाकडंबी खरं असतं, हे कुणी सांगितलंच न्हाई."

मॅडम संतापून काही बोलणार होत्या. पण त्या याच प्रयोगशाळेत शिकल्या होत्या, आणि तेव्हा त्यांचेही ठिपके मामांनीच रेषेवर आणले होते. मग पंधरा दिवसांत होतील तेवढे तरी ठिपके नव्यानं मांडायला त्यांनी छापील आकड्यांच्या गठ्ठ्याचे दोन भाग केले, एक स्वतःपुढं ओढला आणि दुसरा मामांकडं सरकवला.

मामांनी पेन्सिलीला टोक काढलं. पहिले दोन ठिपके शेजारी शेजारी पडले, तिसरा एकदम वर उडाला. सवयीनं हात खोडरबराकडं गेला. मामा थांबले. मग त्यांनी ते खोडरबर उचलून मॅडमच्या हातात दिलं.

"हे तुमच्यापाशी ठिवा," ते म्हणाले. "माझ्या हाताचा भरवसा न्हाई."