गोधडीला हात लावू नये

दर गुरुवारी दुपारी आमच्या माडीवर चिंध्यांचं बोचकं सुटतं. संध्याकाळी ते पुन्हा बांधायला जावं तर चिंध्या कमी झालेल्या असतात आणि किस्से वाढलेले! चिंध्यांचं निदान काहीतरी होतं, किश्श्यांचं काय करायचं? नवऱ्याला सांगायला गेलं तर तो विचारतो, "तुम्ही तिथे शिवता कधी?" म्हणून म्हटलं तुम्हालाच सांगते.

आम्ही चौघी. नगरजवळ भिंगारला माझ्या घरी जमतो. निर्मलाताई आमच्या म्होरक्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या, रिटायर झाल्या आणि बंगलोरला जाऊन एक वर्कशॉप करून आल्या. तेव्हापासून त्या गोधडीला गोधडी म्हणत नाहीत, 'टेक्स्टाइल आर्ट' म्हणतात. दुसरी हौसाक्का. कर्जतकडची शेतकरीण, आता मुलाकडे भिंगारला असते, पण ज्वारी काढायची वेळ आली की कला-बिला सोडून गावी पळते. तिसऱ्या कमलकाकू. नागापूरहून येतात, कमी बोलतात, आणि त्यांचा टाका असा सरळ की पट्टी लाजेल. चौथी मी.

गोधडीला बाजू चार. प्रत्येकीची बाजू ठरलेली. कडेनं सुरुवात करायची आणि धावदोरा घालत घालत आत सरकायचं, असं करून चौघी मध्यभागी भेटतो. आता कळेल की यातली एक जरी उठून गेली तर काय होतं. ती वेळ आमच्यावर आली होती. तेही सांगते, पण आधी बाकीचं.

*

आमचा एकच नियम आहे. कापड अंगावर वापरलेलंच हवं. कोरं कापड आणलं की त्या दिवशीचा चहा तिने करायचा.

सुरुवातीला शेजारणी हौसेने जुन्या साड्या द्यायच्या. आता आम्ही गल्लीतून चाललो की लोक दोरीवरचे कपडे काढून घरात नेतात. तेव्हा नजर वळली घरच्या कपाटाकडे. नवऱ्याचा चौकड्यांचा शर्ट होता, कॉलर पार विटलेली. मी कापला. खिसा मात्र फार गोड होता. निर्मलाताई म्हणाल्या, "खिसा तसाच ठेव. टेक्श्चर येईल."

तसाच ठेवला आणि चारी बाजूंनी शिवून टाकला. शिवताना हौसाक्काची सुई अडली.

"ह्या खिशाला हाड हाय," ती म्हणाली.

आम्ही हसलो आणि बाजूने टाके घेऊन पुढे गेलो. इकडे नवरा आठवडाभर स्कूटरची किल्ली शोधतोय! फ्रीजखाली बघितलं, तांदळाच्या डब्यात बघितलं, माझ्या माहेरच्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी एका रविवारी गोधडीवर बसून पेपर वाचताना त्याला काहीतरी टोचलं.

मी कात्री घेऊन धावले. पण आधी निर्मलाताईंना फोन केला, कारण काम सगळ्यांचं होतं. त्या तिकडून ओरडल्या, "उसवू नकोस गं! कॉम्पोझिशन बिघडेल!"

नवरा शांतपणे म्हणाला, "मग स्कूटरच शिवून टाका की."

*

निर्मलाताईंचं म्हणणं, प्रत्येक कलाकृतीला नाव पाहिजे. त्यांच्या स्वतःच्या कामांची नावं 'अंतर्मनाचं आकाश' वगैरे असतात. कमलकाकू आणि मी नाव ठेवायला लाजतो. हौसाक्का मुळीच लाजत नाही. आमच्यात सगळ्यात मॉडर्न तीच. तिने पहिल्यांदा भिंतीवर लावायचं काम केलं तेव्हा सगळीकडे लालच लाल आणि एका कोपऱ्यात काळा त्रिकोण. निर्मलाताईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"नाव काय ठेवलंस?"

"धाकटी जाऊ बोलत न्हाई."

"अगं, हे नाव नाही, ही तक्रार आहे."

"मंग? अख्खा हिवाळा मी त्येच मनात म्हनत टाकं घातलं. दुसरं काय नाव ठिवू?"

ठेवलं तेच. पुढे ती धाकटी जाऊ कर्जतहून दवाखान्याच्या कामाला आली आणि हौसाक्काने तिला कौतुकाने माडीवर आणलं. भिंतीवरची लाल गोधडी जावेला फार आवडली. खालची नावाची चिठ्ठी वाचली मात्र, आणि बाईंचं तोंड जे सुटलं! मानपान निघाले, वाटणी निघाली, कोणाच्या तरी लग्नातली साडी निघाली. चहा गार झाला तरी थांबेना.

ती गेल्यावर हौसाक्काने चिठ्ठी काढली आणि माझ्याकडून नवीन लिहून घेतली: 'आता बोलते, पण लई बोलते.'

*

आता फोनचा किस्सा.

एक मोठी गोधडी घातली होती. चौघी चार बाजूंना मांडी घालून बसलेल्या, गोधडी प्रत्येकीच्या मांडीवर आलेली. गप्पा रंगात होत्या. तेवढ्यात निर्मलाताईंचा फोन वाजला. नगरला होणाऱ्या कलाप्रदर्शनाचे संयोजक होते. आमचं काम घ्यायचं की नाही हे ते त्या दिवशी कळवणार होते. आम्ही कधीपासून देव पाण्यात घालून बसलो होतो!

आमच्या माडीवर रेंज फक्त खिडकीत येते. निर्मलाताई "हॅलो, हॅलो" करत उठल्या, आणि त्यांच्याबरोबर गोधडी उठली. त्यांनी गप्पांच्या नादात साडीसकट टाके घातले होते. गोधडी उठली तशा कमलकाकू ओढल्या गेल्या, कारण त्यांचा पदर आत गेलेला. मी वाकून बघते तर माझी ओढणीही आत!

"सोडवा, सोडवा!" निर्मलाताई कुजबुजल्या.

"आता सोडवत बसलो तं त्यो फोन ठिवंल," हौसाक्का म्हणाली. "चला समद्या!"

चौघींनी चार कोपरे धरले आणि आम्ही तशाच, देवाची पालखी निघावी तशा, खिडकीशी गेलो. कमलकाकू उलट्या चालत होत्या. हौसाक्काचं एकटीचं लुगडं मोकळं होतं, पण तीही कोपरा धरून आली.

"हो सर," निर्मलाताई खिडकीत फोनला म्हणाल्या. "ऐकतायत ना, सगळ्याजणी इथेच आहेत. आम्ही अगदी जोडलेल्या आहोत."

काम घेतलं होतं! आम्हाला नाचायचं होतं, पण नाचता येईना.

*

त्याच आनंदात पुढच्या गुरुवारी जमलो तर कमलकाकूंनी मान वर न करता सांगितलं, "प्रदर्शनापर्यंत येईन. नंतर माझं येणं बंद."

त्यांचे यजमान, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, नागापूरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात आयुष्यभर शिफ्टमध्ये राबले. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. रिटायर झाले आणि झोपच उडाली. अंथरुणावर डोळे मिटून पडतात, पण काकूंना कळतं की जागेच आहेत. झोप नाही म्हणून चिडचिड. आणि चिडचिडीला घरात सापडणार काय? चिंध्या! सोफ्यावर चिंध्या, टीव्हीवर दोरे, एकदा तर उशीत सुई. शेवटी ते म्हणाले, "प्रदर्शन होऊन जाऊ दे. मग हा चिंध्यांचा नाद बास. दुपारी घरात माणूस पाहिजे."

आमच्या तिघींच्या सुया थांबल्या. मला खरंच रडू आलं. काकू गेल्या तर ती बाजू कोण शिवणार? दुसरी कोणी बसलीही असती, पण काकू नसल्या असत्या.

"मी येते समजवाया," हौसाक्का म्हणाली.

"नको गं बाई. तुझा आवाज फोनवर ऐकूनच ते दचकतात."

मग काकूंनी पिशवीतून एक निळा शर्ट काढला. काकांचा कंपनीचा युनिफॉर्म! तो शर्ट आणि पँट काका पेटीत डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवतात आणि कोणाला हात लावू देत नाहीत, हे आम्ही ऐकून होतो. आमच्या मोठ्या गोधडीचा मधला भाग तेवढा रिकामा राहिला होता. काकूंनी शर्ट तिथे अंथरला.

"विचारलंत का त्यांना?" मी म्हटलं.

"नाही."

"आणि कळलं तर?"

"कळणारच आहे. पँट तेवढी ठेवलीय, पेटी अगदीच रिकामी दिसायला नको म्हणून." काकूंनी दोरा दाताने तोडला. "बंदच व्हायचंय ना, मग जाता जाता एक तरी माझ्या मनासारखं करून जाते."

त्या दुपारी चौघींनी मिळून तो शर्ट शिवून टाकला. काकूंनी बटणांची पट्टीसुद्धा तशीच ठेवली, वरच्या बटणापासून खालच्या बटणापर्यंत.

*

प्रदर्शनात बाकी सगळ्यांची कामं भिंतीवर. आमची मोठी गोधडीही तशीच लावायची ठरली, तर हौसाक्का अडून बसली.

"गोधडी का टांगत्यात व्हय? टांगल्याली गोधडी म्हंजी वाळत घातल्याली गोधडी."

मग ती कुठे ठेवायची? हौसाक्काने कर्जतला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी कांद्याच्या टेम्पोतून तिच्या घरची बाज आली. बाजेला कांद्याचा असा वास की शेजारचे चित्रकार नाक धरून फिरायला लागले. मला वाटलं, आता निर्मलाताई संतापणार. त्यांनी बाजेला एक प्रदक्षिणा घातली, आणि त्यांचे डोळे चमकले.

"इन्स्टॉलेशन!" त्या म्हणाल्या. टांगण्याऐवजी मांडून ठेवलेल्या कलेला म्हणे असं म्हणतात.

बाजेवर गोधडी अंथरली, उशाशी उशी ठेवली. संयोजकांनी शेजारी पाटी लावली, 'कृपया कलाकृतीला हात लावू नये.' नावाची चिठ्ठी मात्र कोरीच राहिली, कारण निर्मलाताई आणि हौसाक्का यांचं नावावर एकमत होईना.

*

आता शेवटचा. हा सांगताना मला अजून धाप लागते.

उद्घाटन दुपारी होतं. काकूंना लवकर घरी न्यायचं म्हणून काका सकाळीच येऊन ठेपले. हॉलमध्ये शिरले आणि थेट बाजेपाशी गेले. आम्ही चौघी खांबाआड. काकूंनी देवाचं नाव घेतलं असावं, ओठ हलत होते. काकांनी चष्मा लावला, खाली वाकले, बटणांची पट्टी बघितली.  काकूंकडे बघितलं नाही. नुसते बाजेशेजारच्या खुर्चीत जाऊन बसले.

"ओरडले असते तर बरं होतं," काकू म्हणाल्या.

जेवायची वेळ झाली. पाहुण्यांना यायला अवकाश होता. निर्मलाताईंनीच धीर करून म्हटलं, "काका, आम्ही दोन घास खाऊन येतो. तेवढं इकडे लक्ष ठेवाल?" काकांनी मान हलवली. आम्ही पलीकडे वडापाव खायला गेलो. काकूंनी आपला वडापाव तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

परत आलो तर दारातच संयोजक घामाघूम. पाहुणे लवकर आले होते! सगळे बाजेभोवती गोल करून उभे, फोटोवाले पुढे. आणि बाजेवर आमची गोधडी गळ्यापर्यंत ओढून काका झोपलेले. चपला खाली नीट जोडून ठेवलेल्या. घोरत होते, आणि साधंसुधं नाही!

संयोजक हौसाक्कावर घसरले. "पाटी दिसत नाही का? कलाकृतीला हात लावू नये!"

"हात कुटं लावलाय?" हौसाक्का म्हणाली. "आंग लावलंय."

प्रमुख पाहुणे मोठे चित्रकार होते. ते निर्मलाताईंच्या कानाशी लागले. "हे गृहस्थ कामाचाच भाग आहेत का?" बंगलोर रिटर्न निर्मलाताई वाकून पाटी सरळ करायला लागल्या.

संयोजक काकांना हलवायला पुढे झाले. तेवढ्यात कमलकाकू मध्ये आल्या, आणि ज्यांचा आवाज आम्हालाही नीट माहीत नव्हता त्या कमलकाकू त्या सगळ्या मोठ्या लोकांना म्हणाल्या, "हळू बोला. कितीतरी दिवसांनी डोळा लागलाय."

आणि काय सांगू, सगळे हळू बोलायला लागले! भाषणं झाली ती कुजबुजत. दीपप्रज्वलनाच्या टाळ्या वाजल्याच नाहीत. फोटोवाल्यांनी फ्लॅश बंद केला.

दिवे लागायच्या सुमाराला काकांना जाग आली. उठून बसले. समोर एवढी माणसं बघून जरा गोंधळले. पण मग आयुष्यभराच्या सवयीने बाजेवरून उतरले, गोधडी झटकली, टोकाला टोक जुळवून तिची व्यवस्थित घडी घातली आणि पायथ्याशी ठेवली. निर्मलाताई "अहो, अहो" करत राहिल्या. काकांनी चपला घातल्या आणि पहिल्यांदा काकूंकडे बघितलं.

"अगं," ते म्हणाले, "पँट का नाही घेतलीस? जोडी आहे ती."