उकळत्या तेलापाशी शकुंतलाबाई

शकुंतलाबाई इतक्या भित्र्या, की वर्गात पाल दिसली तर उरलेला तास व्हरांड्यात व्हायचा. सुरतेतल्या मराठी शाळेत त्या इतिहास शिकवत. एम.ए.ला त्यांनी प्राचीन ब्रिटन घेतले होते आणि ती हौस नोकरीतही सुटली नाही. पुस्तकातला धडा झटपट आटोपून त्या इंग्रजांच्या पूर्वजांकडे वळत. अंगाला निळा रंग फासून लढणारे केल्ट, सरळसोट रस्ते आणि गरम पाण्याची स्नानगृहे बांधणारे रोमन, लाकडी घरांत शेकोटीभोवती जमणारे अँग्लो-सॅक्सन. नवागाम वस्तीतल्या, लूमवर म्हणजे यंत्रमागावर राबणाऱ्या कामगारांची पोरे आ वासून ऐकत. परीक्षेत यातले काहीच येत नसे, म्हणून तर ते सगळ्यांच्या लक्षात राही.

जयश्री त्यांतलीच एक. पुढे ती बाईंच्याच गल्लीत भटूची बायको होऊन आली.

सत्त्याण्णव सालच्या श्रावणात गल्लीने कानबाई बसवली. खानदेशी माणूस सुरतेला येताना ही देवी बरोबर घेऊनच येतो. देवीचा नारळ नथ-डोरले घालून सजवायचा मान त्या वर्षी जयश्रीला मिळाला. तापीत विसर्जन करून मंडळी परतली, विसर्जनाआधी उतरवून ठेवलेल्या नथीची डबी उघडली, तर आत नुसता कापूस. नथ शेवटची हाताळली होती जयश्रीने. झाले, सगळी बोटे तिच्याकडे वळली.

चिंधाआप्पा गल्लीतले वडीलधारे. त्यांनी हुकूम सोडला. कढईत तेल उकळायचे, त्यात देवीचा चांदीचा टाक टाकायचा आणि जयश्रीने तो हाताने काढायचा. खरी असेल तर भाजणार नाही.

बाई धावत आल्या तेव्हा कढई स्टोव्हवर चढली होती. “पोलिसांत जा,” असे त्या म्हणाल्या, ते कुणी कानावरच घेतले नाही. मग घाबरलेला शिक्षक करतो तेच त्यांनी केले. त्या शिकवायला लागल्या.

“अहो आप्पा, हजार वर्षांपूर्वी इंग्रजांचे पूर्वज असलंच काहीतरी करायचे! उकळत्या पाण्यातून दगड काढायला लावायचे, हात बांधून ठेवायचे आणि तिसऱ्या दिवशी सोडून बघायचे. चिघळला की चोर!”

ऐकून लोकांना लाज वाटेल, असा त्यांचा हिशेब. आप्पांचा चेहरा उलट खुलला.

“ऐका रे! इंग्रज बी करेत हाई! मंग आपलं काय चुकनं?”

तेवढ्यात जयश्री बांगड्या कोपराकडे सारत म्हणाली, “बाई, तुम्हीच शिकवलं होतं ना, खऱ्या माणसाची जखम भरून येते. मी नथ घेतली नाही. घालते हात.”

तिला भीती वाटतच नव्हती, आणि याचीच बाईंना फार भीती वाटली. तेलातून धूर निघू लागला होता. आपण हौसेने सांगितलेल्या गोष्टीच्या भरवशावर ही पोर जन्माचा हात घालवून बसणार, हे त्यांना दिसले.

“थांबा! धडा अर्धाच झालाय!” त्या ओरडल्या. “त्यांच्यात आधी विचारायचे, हिच्या खरेपणाची शपथ कोण घेतं? माणसं उभी राहिली की सुटका. ज्याच्यासाठी कुणीच उठत नाही, त्यालाच पाण्यात हात घालावा लागे. मी घेते शपथ. आणखी कोण?”

“तुम्ही परक्या, बाई,” आप्पा म्हणाले. “घरना कोनी उठस का?”

सगळ्यांनी भटूकडे पाहिले. तो नळापाशी उकिडवा बसला होता. वाईट नव्हता तो. पण त्याला लूमवर आप्पांनी लावले होते. तो आपल्या चपलांकडे बघत राहिला. जयश्री त्याच्याकडे बघत होती. तेलाला न भ्यालेली ती पोर आता थरथरायला लागली.

शेवटी गुडघ्यांवर हात टेकत तिची सासू उठली. सुभद्राबाई, मिठाच्या कणावरून सुनेला घालून पाडून बोलणारी.

“मन्ही सून शे. चोर नही. मी शपथ लेस.”

मग शेजारची लोटूची आई उठली, मग आणखी बायका, मग लाजेकाजेस्तव पुरुष. आप्पांनी स्वतः स्टोव्ह विझवला. अर्धी गल्ली उभी राहिल्यावर भटूही उठला.

नथ पुढे कधी सापडली नाही.

संध्याकाळी बाई जयश्रीकडे गेल्या. ती उंबऱ्यावर बसली होती. हाताला ओरखडासुद्धा नव्हता.

“बाई,” तिने हळूच विचारले, “सगळे उठल्यावर जो उठतो, त्याला ते लोक काय म्हणायचे?”

आत भटू जेवायला बसला होता.