गवतानं बांधलेल्या दहा काड्या
कपाट आवरताना आज दहा काड्यांचा तो गठ्ठा हाताला लागला. त्याला बांधलेलं गवत वाळून पिवळं पडलं आहे. अक्कलकुव्याच्या वरच्या एका पाड्यावर मी तेव्हा पहिलीला शिकवायचे. दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत उतरतो, म्हणून त्याआधीच पालकसभा घेतली. मुलं काय शिकली ते आयांना दाखवायचं आणि निदान या लहानांना तरी मागे ठेवा, असं सांगायचं, एवढाच बेत होता. दहा सुट्या काड्यांचा एक दशक बांधून दाखवायला एक मुलगी पुढे आली. मी दिलेला रबर तिनं बाजूला ठेवला, दाराजवळचं लांब गवत उपटून पीळ दिला आणि टोक आत खोचलं. मी टाळ्या वाजवल्या. तिच्या आईनं गठ्ठा हातात घेऊन उलटापालटा पाहिला. "बाई, ही तर उसाची मोळी. हे ती माझ्याजवळच शिकली," ती म्हणाली, "तुम्ही काय शिकवलं?" दहा मोजायला शिकवलं होतं; पण मी गठ्ठा तिच्या हातून घेतला आणि पुढच्या मुलाला बोलावलं. चौथ्या दिवशी ट्रक आला आणि मुलगी आईबरोबर त्यात बसून गेली. आज गठ्ठा परत ठेवण्याआधी मी काड्या मोजल्या. बरोबर दहा होत्या.